तोंडी परवानगीने घरून केलेले सरकारी काम आणि लाभार्थ्यांची यादी: जबाबदारी कोणाची?

प्रश्न: महसूल सहायक, तहसील कार्यालय

नमस्कार. मी एका तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत, म्हणजे आपण बोलताना ज्याला 'संगायो' म्हणतो त्या शाखेत, महसूल सहायक आहे. तपशील वगळले तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून प्रश्न थोडा विस्ताराने मांडते.

गेल्या पावसाळ्यात घोट्याचे हाड मोडल्यामुळे मला सात आठवडे घरी राहावे लागले. वैद्यकीय रजा रीतसर मंजूर झाली. मात्र शाखेत आम्ही दोघीच, आणि नेमके त्याच काळात लाभार्थ्यांचे आधार क्रमांक बँक खात्यांशी जुळवून थेट हस्तांतरणाच्या पोर्टलवर भरण्याचे काम तुंबले होते. जुळणी झाली नाही की अनुदान अडकते, आणि दरमहा १,५०० रुपयांत औषध व किराणा भागवणाऱ्या म्हाताऱ्या बाईला 'पुढच्या महिन्यात या' असे सांगताना काय वाटते, हे शाखेत बसणाऱ्यालाच ठाऊक असते. त्यामुळे नायब तहसीलदार साहेबांनी फोनवर 'बसल्या जागी याद्या तपासून देता येतील का' असे विचारले, तेव्हा मी लगेच हो म्हटले. कोणी माझ्यावर सक्ती केली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

याद्या माझ्याकडे दोन मार्गांनी येत. आठवड्यातून एकदा शिपाईमामा पेन ड्राइव्ह आणून देत, आणि घाई असली की सहकारी व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवत. मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर काम करत होते. एकूण १,८६० लाभार्थी होते, आणि यादीत नाव, गाव, पूर्ण आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल आणि शेवटच्या रकान्यात 'पात्रतेचे कारण' असे सर्व काही होते. या योजनेत विधवा, दिव्यांग आणि निराधार यांच्याबरोबरच क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांचे रुग्ण, तृतीयपंथी व्यक्ती आणि वेश्याव्यवसायातून मुक्त केलेल्या महिलाही येतात, हे योजनेशी परिचित असलेल्यांना माहीत आहे. त्या एका रकान्यात काय काय लिहिलेले असते याची कल्पना त्यावरून करता येईल.

कामावर हजर झाल्यानंतर तीन आठवड्यांनी लॅपटॉप सुरू होईना. मी तो शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकानदाराने पासवर्ड मागितला आणि मी तो चिठ्ठीवर लिहून दिला. रात्री अकराच्या सुमारास मला आठवले की त्या सर्व याद्या अजून डेस्कटॉपवरच आहेत. सकाळी दुकान उघडण्याआधीच मी दारात उभी होते. लॅपटॉपला अजून हात लावलेला नाही, असे त्याने सांगितले, आणि तो खोटे बोलत असेल असे मला वाटत नाही. तरीही एक रात्र १,८६० माणसांची खाजगी माहिती परक्याच्या टेबलावर पासवर्डसह पडून होती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. कागदोपत्री मी रजेवर होते, परवानगी तोंडी होती आणि लॅपटॉप माझा होता, अशा स्थितीत काही अनर्थ झाला असता तर जबाबदारी कोणाची ठरली असती? ही गोष्ट मी कार्यालयाला कळवावी का? आणि पुन्हा अशी वेळ आली तर घरून काम करण्याची सुरक्षित पद्धत कोणती, की सरकारी काम घरून करूच नये?

उत्तर १: जिल्हास्तरावरील संगणक कक्षातील कर्मचारी

ताई, कायद्याचे उत्तर जाणकार देतील. मी आधी लॅपटॉपविषयी सांगतो, कारण तो या क्षणीही त्याच अवस्थेत तुमच्या घरी असणार.

तो सुरू होत नसला तरी त्यातील माहिती जिवंत आहे. दुसऱ्या दुकानात नेण्याआधी त्यातील डिस्क काढून घ्या. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती एक-दोन स्क्रूंवर बसवलेली असते, आणि दुकानदारासमोर उभे राहून ती काढून मागितली तर कोणी नकार देत नाही. पडदा, कळफलक, बॅटरी किंवा मदरबोर्ड यांच्या दुरुस्तीला तुमच्या डिस्कची गरज नसते. मुख्य म्हणजे पासवर्डची अडचण गैरसमजातून येते. डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) केलेली नसेल तर विंडोजचा पासवर्ड हे केवळ पुढच्या दाराचे कुलूप असते, कारण तीच डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की पासवर्ड न विचारता सर्व फाइली दिसतात. म्हणजे चिठ्ठी दिली नसती तरी धोका फारसा कमी झाला नसता.

फाइल 'डिलीट' करून रिसायकल बिन रिकामे केल्याने काम झाले, असेही समजू नका. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तशीच राहते आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळवता येते. कूटबद्ध करण्यासाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतो. तो सुरू करताना 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय न निवडता 'संपूर्ण ड्राइव्ह' निवडावा, म्हणजे पुसलेल्या फाइलींचे अवशेषही झाकले जातात. घरगुती वापराच्या होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर मिळत नाही, आणि बाजारात विकत घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपवर होम आवृत्तीच असते. सरकारी याद्या खाजगी लॅपटॉपवर नकोत असे आम्ही सांगतो त्यामागचे एक कारण इतके साधे आहे.

व्हॉट्सअॅपबद्दल. संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरे, पण आपली अडचण वाटेत नसते. ती दोन्ही टोकांना असते. आलेली फाइल फोनच्या साठवणीत उतरते, रोजच्या बॅकअपबरोबर गुगल ड्राइव्हवर जाते, आणि अर्जाचे छायाचित्र असेल तर ते गॅलरीतून घरच्या सहलीच्या छायाचित्रांशेजारी जाऊन बसते. तुमच्या सहकारी ताईंच्या फोनमध्येही त्याच फाइली आहेत, हे त्यांनाही सांगा. एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने, जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या. त्यांत अंतर्गत कागदपत्रे गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या बिगरसरकारी साठवणीत ठेवू नयेत, बाहेरच्या स्कॅनर अॅपने सरकारी कागद स्कॅन करू नयेत, आणि टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्कसारखी दुरून संगणक हाताळण्याची साधने विनापरवाना वापरू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ती पुस्तिका प्रत्येक शाखेत छापून लावावी अशी माझी इच्छा आहे. मी ज्या कार्यालयांत जातो तिथे ती क्वचितच कोणी पाहिलेली असते.

आता पेन ड्राइव्ह. जून २०२२ मध्ये जपानमधील आमागासाकी शहराच्या सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती असलेला पेन ड्राइव्ह महापालिकेच्या कंत्राटदाराकडील एका माणसाने काम संपल्यावर पिशवीत घालून नेला, वाटेत तो मद्यपानाला थांबला, रस्त्यावरच झोपला आणि जागा झाला तेव्हा पिशवी नव्हती. पुढे ती सापडली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या ड्राइव्हवरील माहिती कूटबद्ध होती, आणि म्हणून शहराला दिलासा मिळाला. आपले पेन ड्राइव्ह शिपायाच्या खिशातून बसने प्रवास करतात आणि त्यांवर साधा पासवर्डही नसतो.

तुमच्या यादीबाबत सर्वांत मोठा दोष मला वेगळाच दिसतो. जुळणीच्या कामाला 'पात्रतेचे कारण' हा रकाना लागतच नव्हता. पूर्ण आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी ते वेगळ्या, कूटबद्ध तिजोरीत ठेवावेत आणि रोजच्या कामात त्याऐवजी संदर्भ क्रमांक वापरावा, असे आधार प्राधिकरणाने २०१७ मध्येच सांगितले आहे. आपल्याकडे मात्र एकच मूळ एक्सेल सर्वत्र फिरते, कारण रकाने काढून नवी फाइल करायला दोन मिनिटे लागतात. रकाना 'लपवला' तर तो जात नाही, हेही ध्यानात ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या अधिकारातील एका अर्जाला एक्सेलमध्ये उत्तर दिले, त्यातील नजरेआड राहिलेल्या पानावर सुमारे साडेनऊ हजार अधिकारी-कर्मचाऱ्यांची नावे होती, आणि ती संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली. तिथल्या नियामकाने त्या दलाला साडेसात लाख पाउंडांचा दंड केला. ती चूक घरून काम करताना झालेली नव्हती, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर २: निवृत्त कक्ष अधिकारी, मंत्रालय

महोदया, आपण प्रामाणिकपणे सर्व लिहिले याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ मध्ये आहे. कर्मचारी वरिष्ठांच्या निदेशानुसार काम करत असेल तर त्याने शक्य असेल तेथे तो निदेश लेखी मिळवावा, आणि ते शक्य नसेल तर त्यानंतर शक्य तितक्या लवकर त्याला लेखी दुजोरा घ्यावा, असा त्याचा आशय आहे. याचा अर्थ असा की तोंडी सूचना आली म्हणून आपण दोषी ठरत नाही, परंतु तिला दुजोरा मागण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ही तरतूद कनिष्ठ कर्मचाऱ्याचे संरक्षण आहे. छत्तीस वर्षांच्या सेवेत मी पाहिले की तिचा उपयोग फार थोडे लोक करतात, कारण साहेबांना लेखी मागणे हा अविश्वास समजला जातो. तो तसा समजू नये. दोन ओळींचे पत्र किंवा सरकारी ई-मेलवरून 'आज दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार अमुक यादी अमुक दिनांकापर्यंत तपासून सादर करीत आहे' एवढे लिहिले तरी पुरते.

आपल्या प्रकरणात गुंतागुंत रजेमुळे वाढली आहे. अभिलेखात आपण रजेवर आहात. उद्या यादी बाहेर गेली असती तर चौकशी अधिकाऱ्याचा पहिलाच प्रश्न असता की रजेवरील कर्मचाऱ्याच्या घरी शासकीय अभिलेख कसा पोहोचला. त्यावर 'साहेबांनी सांगितले' याशिवाय आपल्यापाशी उत्तर नव्हते, आणि साहेबांना आठवले नसते तर तेही उरले नसते. सात आठवडे आपण केलेले काम सेवापुस्तकात कोठेही नाही, धोका मात्र पूर्णपणे आपल्या नावावर आहे. मला यात अन्याय दिसतो, आणि तो केवळ आपल्यावर झालेला नाही.

मार्च २०२० मध्ये शासकीय कार्यालयांतील उपस्थिती पाच टक्क्यांवर आणली गेली तेव्हाचे आठवते. आमच्या विभागात टिपण्यांची छायाचित्रे काढून एकमेकांना पाठवणे सुरू झाले. कॅमस्कॅनर हे अॅप सर्वांच्या फोनमध्ये होते, माझ्याही होते. एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमचा वापर शासकीय कामासाठी करू नये असे कळवले, आणि २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अॅपवर बंदी आली त्यांत कॅमस्कॅनर होते. मी त्या दिवशी ते काढून टाकले. परंतु तीन महिन्यांत आम्ही स्कॅन केलेल्या नस्त्यांच्या (फाइलींच्या) प्रती कोठे गेल्या, हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही लेखी विचारला नाही. मी विचारायला हवा होता, असे मला आजही वाटते.

मे २०२० मध्ये केंद्राच्या कार्मिक मंत्रालयाने घरून काम करण्याविषयी मार्गदर्शक सूचनांचा मसुदा सर्व मंत्रालयांना पाठवला होता. वर्षातून पंधरा दिवस घरून काम करण्याची मुभा, विभागाने लॅपटॉप पुरवणे, ई-ऑफिस या ऑनलाइन नस्ती प्रणालीसाठी व्हीपीएन (कार्यालयाच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी), आणि वर्गीकृत कागद किंवा नस्ती घरून हाताळण्यास मनाई, असे त्याचे ढोबळ स्वरूप होते. केंद्राचे सुमारे ४८ लाख ३४ हजार कर्मचारी विचारात घेऊन तो तयार झाला होता. त्यातील एक त्रुटी मला तेव्हाही जाणवली होती आणि आपल्या प्रश्नामुळे ती पुन्हा समोर आली. 'गोपनीय' असा शिक्का असलेली नस्ती घरी नेऊ नये हे सर्वांना कळते. संगायोच्या यादीवर तो शिक्का कधीच नसतो. शासनाच्या दृष्टीने ती अनुदान वाटपाची नित्याची यादी असते. ज्या बाईचे नाव त्यात आहे तिच्यासाठी मात्र तिच्या आयुष्यातील सर्वांत गोपनीय गोष्ट त्याच यादीत असते. जिच्यावर 'गोपनीय' असे छापलेले नाही ती यादी उघडी ठेवण्याची सवय आपल्या प्रशासनाला आहे.

कार्यालयाला कळवावे का, याचे माझे उत्तर होय असे आहे, आणि तेही लेखी. त्यात कोणावर आरोप न करता क्रम लिहावा: कोणत्या सूचनेवरून, कोणत्या याद्या, किती काळ, कोठे होत्या, दुकानात किती तास होत्या आणि आता त्यांचे काय केले. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहिती फुटल्यासारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि ते शासकीय संस्थांनाही लागू आहेत. आपली घटना त्यात बसते की नाही हे ठरवणे कार्यालयाचे काम आहे. कर्मचाऱ्याने ते स्वतःच्या मनाशी ठरवून गप्प बसू नये.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. २१ जून २०१२ च्या मंत्रालयातील आगीनंतर जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करताना जिल्ह्यांतील कार्यालयांच्या प्रती फार उपयोगी पडल्या होत्या. त्यामुळे प्रती जास्त असणे वाईटच, असे माझे मत नाही. प्रत कोठे आहे याची नोंद हवी.

उत्तर ३: सदस्य

ताई, वरील दोघांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. प्रत्यक्षात काही घडलेले नाही. डिस्क काढा, नष्ट करा आणि विषय संपवा. लेखी कळवले तर उद्या विभागीय चौकशी तुमचीच लागेल आणि ज्यांनी फोन केला ते बाजूला राहतील. मी अशी उदाहरणे जवळून पाहिली आहेत. शासनाला माहितीची इतकी काळजी असती तर तुम्हाला लॅपटॉप दिला असता.

उत्तर ४: सामाजिक कार्यकर्ती

उत्तर ३ मधील भीती मला समजते, आणि चौकशीचा बोजा नेहमी खालच्या माणसावर पडतो हेही खरे आहे. तरीही 'काही घडलेले नाही' हे वाक्य मी तसेच सोडू शकत नाही, कारण त्या यादीतील स्त्रियांबरोबर मी गेली नऊ वर्षे काम करते.

आमच्या तालुक्यातील एचआयव्हीसह जगणाऱ्या किती तरी महिला औषधासाठी शेजारच्या जिल्ह्यातील केंद्रात जातात. आपल्या गावच्या केंद्राबाहेर कोणी ओळखीचे भेटेल म्हणून दीडशे रुपयांचे तिकीट काढून, एक दिवसाची मजुरी बुडवून त्या जातात. त्याच महिलांना संजय गांधी योजनेचा अर्ज भरण्यासाठी मी तयार करते तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'ताई, हा कागद कोण कोण बघणार?' मी सांगते, तहसीलचे दोन-तीन लोक. आज हा धागा वाचल्यावर मला ते उत्तर देताना अडखळायला होईल. दोन हजार वस्तीच्या गावात नाव आणि कारण एकाच ओळीत वाचणारा एक माणूस पुरतो. अशी माहिती गावात फुटल्यानंतर एका मुलाला दुसऱ्याच शाळेत घालावे लागलेले मी पाहिले आहे. ती कोणाकडून फुटली हे कधीच कळले नाही, आणि बहुधा कळत नाहीच.

आपल्याला बहुतेकांना माहीत नसलेली एक तरतूद सांगते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११ नुसार अशा व्यक्तींच्या एचआयव्हीसंबंधी माहितीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने त्या माहितीच्या संरक्षणाचे उपाय योजायचे आहेत. रुग्णालयाला हे ठाऊक असते. पण ज्या कार्यालयात 'पात्रतेचे कारण' या रकान्यात तो शब्द लिहिला जातो, तेही अशी नोंद ठेवतेच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणून सगळे त्याचीच चर्चा करतात. आमच्या बायकांसाठी कायदा २०१८ पासूनच आहे.

ताई, तुम्ही रात्री अकरा वाजता अस्वस्थ झालात आणि सकाळी दुकानाच्या दारात उभ्या राहिलात, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. कृपया लेखी कळवा. यादीतला तो रकाना तालुक्याबाहेर काय, शाखेच्या टेबलाबाहेरही जाऊ नये, हे तुमच्याच टिपणीवरून ठरू शकेल.

उत्तर ५: सार्वजनिक क्षेत्रातील बँकेचा कर्मचारी

या चर्चेतून 'सरकारी काम घरून नकोच' असा निष्कर्ष निघू नये, म्हणून लिहितो. मी अल्पदृष्टी आहे. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्याने दोन गाड्या बदलून शाखेत जाणे माझ्यासाठी केवळ त्रासाचे नाही, धोक्याचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या असतात, आणि माझ्या बाबतीत आठवड्यातून दोन दिवस घरून काम ही त्यातलीच एक सोय आहे.

फरक इतकाच की माझ्या घरी बँकेची माहिती येत नाही. बँकेने दिलेला लॅपटॉप आहे, त्याचे यूएसबी पोर्ट बंद आहेत आणि डिस्क कूटबद्ध आहे. व्हीपीएनने जोडल्यावर फोनवरील सहा अंकी संकेत द्यावा लागतो आणि मग मला पडद्यावर कार्यालयातील संगणक दिसतो. फाइल तिथेच उघडते आणि तिथेच बंद होते. ती उतरवून घेण्याची सोयच नाही. आदेशात माझे नाव, दिवस, लॅपटॉपचा क्रमांक आणि कोणती कामे घरून करायची नाहीत याची यादी आहे. ग्राहकाच्या केवायसीचे कागद त्या यादीत आहेत, म्हणून ते मी शाखेतल्या दिवसांसाठी ठेवतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मी वापरतो, त्यामुळे घरीही कानात हेडफोन घालूनच काम करावे असेही त्यात लिहिले आहे. ती अट मी सुचवली होती, कारण माझ्या घरात भिंतीपलीकडे शेजारी राहतात.

घरचा संगणक थेट कार्यालयाच्या जाळ्याला जोडू देणे मात्र मलाही मान्य नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर जो खंडणीखोर (रॅन्समवेअर) सायबर हल्ला झाला, त्यात पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती अडकली आणि रुग्णनोंदणी कित्येक दिवस हाताने करावी लागली. जाळ्याचे नीट विभाजन केलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितले. जिथे कार्यालयातील जाळ्याचीच ही अवस्था असू शकते, तिथे घरचा असुरक्षित लॅपटॉप आत घेणे परवडणारे नाही.

ताईंच्या प्रकरणात घर दोषी नव्हते असे मला वाटते. आदेश आणि साधन या दोन्हींशिवाय काम घरी पाठवले गेले, आणि ते चांगल्या हेतूने पाठवले गेले म्हणून कोणालाच खटकले नाही.

मूळ प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, मनापासून आभार. काय केले ते कळवते.

संगणक कक्षातील दादांनी सांगितले तशी डिस्क काढून घेतली. तिच्यातील माझे स्वतःचे कागद वेगळे करून घेण्याचा मोह झाला होता, पण तो टाळला आणि ती सीलबंद पाकिटात कार्यालयात जमा केली. पोच घेतली आहे. सहकारी ताईंनी आणि मी एकमेकींसमोर बसून फोनमधील फाइली आणि बॅकअप काढून टाकले, आणि त्याला आम्हाला पूर्ण दुपार लागली.

टिपणी दोन पानांची झाली. उत्तर ३ वाचल्यावर एक दिवस मी ती पिशवीतच ठेवली, हे कबूल करते. उत्तर ४ वाचल्यावर दिली. साहेबांनी ती माझ्यासमोर पूर्ण वाचली, 'फोन मी केला होता' असे त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले, सही केली आणि तहसीलदारांकडे सादर केली. पुढे काय होईल ते माहीत नाही. पण त्या एका ओळीने मला किती आधार दिला हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

जुळणीसाठी आता चार रकान्यांची वेगळी फाइल काढायची असे शाखेत ठरले आहे. 'पात्रतेचे कारण' मूळ नस्तीतच राहील. घरून काम करण्याच्या आदेशाबाबत मात्र तहसील स्तरावर कोणाला अधिकार आहेत यावर एकमत झालेले नाही, म्हणून तूर्त कोणीही काहीही घरी न्यायचे नाही अशी सूचना निघाली आहे. माझ्या सहकारी ताई पुढच्या महिन्यात प्रसूती रजेवर जात आहेत, आणि शाखेत मी एकटी असेन.

एक गोष्ट राहिली. शिपाईमामांकडचा पेन ड्राइव्ह जमा करायला कपाट उघडले तेव्हा ड्रॉवरमध्ये तसेच आणखी सात निघाले. कोणावरही चिठ्ठी नाही, आणि दोन कोणाचे आहेत हे शाखेत आज काम करणाऱ्या कोणालाच सांगता येत नाही. ते कोणत्याही संगणकाला न जोडता जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये) कसे घ्यावेत, आणि नष्ट करायचे झाल्यास पंचनामा कोणत्या नमुन्यात करावा, हे कक्ष अधिकारी साहेबांना किंवा इतर कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.